पहिल्या डिकॉक्शनचा सलोखा

मांबलम, मद्रास
९ जून १९५८

ती. अक्कास,
प्रतापसिंहाचा शि. सा. न. वि. वि.

आमच्या ठाण्यातल्या पोलिसांनी एकमेकांशी गोडीने वागावे म्हणून सरकारने आठवडाभर शिकवणी ठेवली. अरेतुरे बंद, अहोजाहो सुरू. आवाज चढवायचा नाही, आधी दुसऱ्याला द्यायचे. आता या शिकवणीचा उपयोग किती झाला हे पाहायला एक तरुण साहेब कोपऱ्यात बसतात आणि आम्ही भांडतो का याची वाट पाहतात.

शेजारच्या टेबलावरचा माझा रामस्वामी तुला ठाऊकच आहे. कॉफीचे पहिले, दाट डिकॉक्शन कोणाचे यावरून आम्ही रोज सकाळी एकमेकांचे पूर्वज उद्धरायचो आणि मगच कामाला लागायचो. हल्ली मी त्याला आग्रह करतो, तो मला करतो आणि कॉफी निवून जाते. साहेब खूश आहेत. रामस्वामीने मात्र काल तांबरमला बदली मागितली. तो गेला तर मला या ठाण्यात करमणार नाही. काय करू ते कळव.

भाच्यांना आशीर्वाद. हसलीस तरी लोभ तेवढाच ठेव.
तुझा प्रताप

तंजावर
१४ जून १९५८

चि. प्रतापसिंहास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र वाचून इकडची स्वारी एवढी हसली की विड्याचा ठसका लागला. माझ्या लग्नात मानपानावरून रुसला होतास, तेव्हा तू मला अहोजाहो करत होतास. आठवते? मी दोन दिवस रडत होते. तो बिचारा रामस्वामी तरी काय समजणार? तू रुसलास, असेच ना! मुकाट्याने त्याची कॉफी पिऊन टाक. साहेब बसले असतील तर बसू देत.

तब्येतीला जप. माया आहेच, अक्कल तेवढी वापर.
अक्का

मांबलम, मद्रास
१९ जून १९५८

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

साहेबांच्या देखत रामस्वामीचा कॉफीचा टंबलर उचलला आणि रिकामा केला. तसा तो अरेतुरेवर येऊन ‘डेय’ म्हणून असा गरजला की बाहेरचा पहारेकरी आत धावला. माझ्या नाकापासून सुरुवात करून तो आपल्या दोघांच्या पणजोबांपर्यंत पोचला. मीही मागे राहिलो नाही. दम लागल्यावर म्हणाला, आपले काय चुकले या काळजीने त्याला अन्न गोड लागत नव्हते. अक्का, मला रडू आले. बदलीचा अर्ज त्याने परत घेतला.

शिकवणीचा काडीचाही उपयोग झाला नाही, असा शेरा देऊन साहेब गेले. आम्हा दोघांना पुन्हा शिकवणीला बसायचे आहे, एकाच बाकावर. खिडकीकडची जागा कोणाची, यावरून सकाळपासून जुंपली आहे.

रामस्वामीचाही तुला नमस्कार. आता लोभ दोघांत वाटून दे, मोठा वाटा माझा.
प्रताप