बोडीचं पाणी आणि तुझा पाय

प्रिय माय,

तुला जाऊन कितीतरी वर्षं झाली. आज लिहायला बसले, कारण आज मी तुझा रोग डोळ्यांनी पाहिला.

वैशाली, तुझी नात, आता सरकारी दवाखान्याच्या लॅबमध्ये आहे. गोरेगावच्या बाजाराला गेले होते, तशीच तिच्याकडे डोकावले. "आई, हत्तीपायाचा जंतू पाहायचाय?" म्हणाली आणि मायक्रोस्कोपसमोर बसवलं. काचेवरच्या रक्तात एक जांभळा धागा, वेलांटीसारखा वळलेला. एवढाच?

"हे तर पिल्लू. मोठे किडे आत राहतात, तेच पाय सुजवतात," ती म्हणाली. ही पिल्लं म्हणे दिवसा अंगात खोल दडून बसतात आणि डास चावायच्या वेळेला, रात्री, कातडीजवळच्या रक्तात येतात. माय, त्यांना कोण सांगतं गं रात्र झाली म्हणून?

आजी म्हणायची, कोणी करणी केली. गाव म्हणायचं, खानदानी आहे. तू कोणाचंच ऐकलं नाहीस. "काऊन पेतं व त्या बोडीचं पानी? पाय सुजवाचा हाये का?" गावामागच्या त्या तळ्याचा एक घोट आम्हाला पिऊ दिला नाहीस. गाळायचीस, उकळायचीस. बाया हसायच्या तुला.

आता ऐक. फार पूर्वी एका मोठ्या परदेशी डॉक्टरानं हा जंतू डासाच्या अंगात शोधून काढला. पण तोच डास पुन्हा चावून रोग देतो, हे काही त्याला सुचलं नाही. त्याला वाटलं, डास पाण्यात मरतो आणि ते पाणी पिऊन रोग होतो! मी वैशालीला पुन्हा विचारलं, "खरंच?" शाळेची पायरी न चढलेली माझी माय चुलीपुढं बसून जिथं पोचली, तिथंच तोही अडला होता! चुकलात दोघंही. पण किती जवळ जाऊन चुकलात!

थोडं भांडायचंय मात्र. पाणी एवढं उकळलंस, आणि बाबांनी आणलेली मच्छरदाणी? "जीव घुसमटते माहा," म्हणून गुंडाळून ठेवलीस. उन्हाळाभर सगळे अंगणात उघड्यावर. पण तुला तरी कोणी सांगितलं होतं?

तुझ्या नातवासाठी, अमोलसाठी, मुलगी पाहिली आहे. दोघांनी एकमेकांना पसंत केलंय. तिच्या आईला हत्तीपाय आहे. माझे दीर म्हणाले, "वहिनी, खानदानी बीमारी आहे, सोयरीक नको." मला माझ्या लग्नाची बोलणी आठवली. पाहुणे विचारत राहिले, "मुलीची आई कुठं आहे?" आणि तू स्वयंपाकघरात पायावर लुगडं ओढून बसलेली. मी बोलवायला आले, तर हातानंच 'जा' म्हणालीस.

रविवारी ते लोक आमच्याकडे येताहेत. माय, शब्द देते. हा रोग डास देतो, आईकडून लेकीला जात नाही, हे मी सगळ्यांसमोर बोलणार. दिरांसमोरही. आणि विहीणबाई दारात संकोचल्या, तर हात धरून आत आणणार, माझ्या शेजारी बसवणार.

तुझी लेक,
शांता