एक वीत, नऊ मेणबत्त्या

२१ डिसेंबर, शनिवार. शब्बाथ उतरल्यावर.
हनुक्काचा, म्हणजे आमच्या आठ संध्याकाळींच्या दिव्यांच्या सणाचा, नवा स्टँड परवाच तयार झाला. खरा खर्च: फुटक्या समोवराचं, चहाच्या बंबाचं, एक पितळी बूड, डाव्या हाताची दोन नखं आणि बायकोचा, बुलोरचा, दीड दिवसाचा अबोला, कारण पितळ जोडायला डाग द्यायची शेगडी मी तिच्या कणकेशेजारी मांडली होती. आमचे साडू, दातांचे डॉक्टर गवरियेल, यांनी स्टँड विकत आणला. दीड हात लांब. त्याला खिडकी नाही, खाट लागते. माझा: नऊ मेणबत्त्या, एक वीत! अख्ख्या बुखाऱ्यात इतका आटोपशीर कोणाचा नाही.

सिनेगॉगच्या दारावर माझे बारा नियम लागलेत: मेणबत्त्या घरात सुरक्षित कशा जाळाव्यात. वर-आजूबाजूला पडदा, कागद नको. दोन मेणबत्त्यांत दोन बोटं अंतर. जळत्या मेणावर पाणी नाही, झाकण. वगैरे. लोक थांबून वाचतात. एकाने विचारलं, गवरियेल डॉक्टरांनी लिहिलेत का?

२२ डिसेंबर, रविवार.
पहिली मेणबत्ती. रोज एक वाढणार. जोडीला बाकीच्या पेटवणारी एक वेगळी, म्हणून शेवटी नऊ.

सासूबाई मार्चमध्ये मुलाकडे इस्राएलला कायमच्या चालल्या. त्यांच्या आजोबांचा पितळी दिवा इथेच राहणार. म्हणाल्या, ज्या जावयाच्या घरी आग बघून माझ्या पोटात गोळा येणार नाही, त्याला देईन. आठव्या संध्याकाळी सांगते. आठवी संध्याकाळ आमच्याकडे आहे! दिव्यासाठी फडताळ रिकामं केलं.

साडूला त्या 'गवरियेलजान' म्हणतात. मला 'अरे ए निसोन'. सोळा वर्षं झाली.

२३ डिसेंबर, सोमवार.
दोन मेणबत्त्या एकमेकींकडे झुकल्या. बुलोर म्हणाली, अहो, फार जवळ आहेत. म्हटलं, वारा येतोय. म्हणाली, खिडकी बंद आहे. म्हटलं, फटीतून येतो.

२४ डिसेंबर, मंगळवार.
साडूंकडे चहाला. त्यांचा स्टँड वाळू भरलेल्या परातीत! म्हटलं, साडूभाऊ, मांजर पाळलंय वाटतं. सगळे हसले. तोही हसला. हे मला आवडलं नाही. सासूबाई तर पेटलेल्या मेणबत्त्यांसमोर बसल्या बसल्या घोरत होत्या. वय झालं.

२६ डिसेंबर, गुरुवार.
पाच. चौदा मिनिटांत खलास. निदान अर्धा तास तरी जळायला हव्यात. दुकानदाराला जाऊन झापलं, मेण भेसळीचं आहे. म्हणाला, निसोनभाऊ, डॉक्टरसाहेबांनी याच पेटीतून नेल्या, त्यांच्या तासभर चालतात. म्हटलं, रेंगाळत असतील. माझ्या जोमाने जळतात.
संकल्प: त्या दुकानात पुन्हा पाऊल नाही.

२७ डिसेंबर, शुक्रवार. दुपारी.
आज सूर्यास्ताला शब्बाथ लागायच्या आधीच पेटवायच्या. एकदा शब्बाथ लागला की काही हलवता येत नाही, विझवता येत नाही. बुलोर म्हणाली, स्टँड राहू द्या, विटेवर लांब लांब उभ्या करा. म्हटलं, विटेवर? गल्लीतून गवरियेल जातो रोज!
संकल्प: साडूंचा विचार करायचा नाही.

२८ डिसेंबर, शनिवार. शब्बाथ उतरल्यावर.
कालच्या सहा मेणबत्त्यांनी खिडकीच्या फळीवर तळहाताएवढा काळा डाग पाडला. आजच्या सातांनी तो ताटाएवढा केला. नजर लागली. कोणाची ते लिहीत नाही. दात काढतो तो.

बारा नियम मोठ्या अक्षरांत उतरवून खिडकीवर, बरोबर मेणबत्त्यांच्या वर टांगले. सासूबाईंना चष्म्याशिवाय दिसतील.

२९ डिसेंबर, रविवार.
सगळे आले. पुलावाचं पातेलं मध्ये. पेटवण्याआधी दोन शब्द बोललो: या घरात सोळा वर्षांत ठिणगीसुद्धा उडालेली नाही. मग पेटवल्या.

गाण्याचं दुसरं कडवं सुरू होईतो नऊ ज्योतींची एक झाली. सासूबाई म्हणाल्या, अरे ए निसोन, हे दिवे की भट्टी? म्हटलं, आई, उजेड जास्त आहे. तेवढ्यात वरच्या नियमांनी पेट घेतला. मी हाताला आली ती चहाची किटली ओतली. पाण्याचा नियम सातवा. तो तोवर जळून गेला होता. जाळ छतापर्यंत उसळला. बुलोर ओरडली, अहो, पाणी नको!

गवरियेलने पातेल्यावरचं झाकण उचललं आणि जाळावर ठेवलं. विझलं. म्हणाला, तुझाच नियम, निसोन. दारावर वाचला होता, बरा आठवला. मनापासून म्हणाला. हे सगळ्यात वाईट.

सासूबाई म्हणाल्या, ज्योती एक झाल्या की ती शेकोटी, ती सणाच्या हिशेबात धरत नाहीत. चला, गवरियेलकडे जाऊन नीट पेटवू. पुलावही तिकडेच गेला. दारात थांबून त्यांनी रुमालाने माझ्या गालावरची काजळी पुसली आणि म्हणाल्या, निसोनजान, तू तोंड धुऊन मागून ये.

जान! सोळा वर्षांनी.

मग वळून गवरियेलला म्हणाल्या, दिवा उद्या घेऊन जा.

३० डिसेंबर, सोमवार.
मेण खरवडून स्टँड मोजला. दोन खोबणींत अंतर अर्धं बोट. तेही करंगळीचं.