स्वतःच्या मुळावरची चांदणी

आण्णा, तुमची चांदणी अजून जिवंत आहे. पाच धारांची, बिनकाट्यांची, अंगभर पांढरे ठिपके असलेली. आता ती नारळाएवढी झाली आहे. सांगलीत माझ्या गच्चीवर, हिरव्या जाळीखाली, बाकीच्या निवडुंगांबरोबर असते आणि उन्हाळ्यात पिवळी फुलं देते. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. यंदा तिच्याबद्दल मला एक गोष्ट कळली, ती तुम्हाला लिहिते आहे. पत्र कुठे पोचणार नाही, त्यामुळे घाईही नाही.

तुमचं आयुष्य तासगावच्या द्राक्षबागांत कलमं बांधण्यात गेलं. बाग दुसऱ्याची, जमिनीतला जंगली खुंट दुसऱ्याचा, त्यावर बांधायची काडीही दुसऱ्यानंच आणलेली. हात तेवढा तुमचा. त्या हाताचं नाव ऐकूनच सांगलीच्या एका डॉक्टरीणबाईंनी तुम्हाला बोलावून घेतलं होतं. त्यांचा परदेशी निवडुंग बुडातून सडत होता. तुम्ही सडका भाग कापून टाकलात, उरलेला शेंडा कुंपणाला लावतात त्या खांबासारख्या निवडुंगावर बसवलात आणि वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून बांधलीत. झाड जगलं. बाईंनी तुम्हाला त्यांच्या निवडुंगप्रेमी मंडळाचं सभासद करून घेतलं. महिन्यातून एका रविवारी तुम्ही इस्त्रीचा सदरा घालून एसटीनं सांगलीला जायचात आणि सगळ्यात मागच्या खुर्चीवर बसायचात. पुढं डॉक्टर, वकील, प्राध्यापक झाडांची लॅटिन नावं घेत असायचे. तुम्हाला ते ‘कलमवाले’ म्हणायचे. प्रेमानंच म्हणायचे.

चांदणीचं बी तुम्ही तिथूनच आणलंत. मी तेव्हा सातवीत होते. स्वयंपाकघरात ओट्यावर तुम्ही चाळलेली रेती पसरून बसला आहात आणि आई वैतागली आहे. “आवं, परातीशेजारी माती कशाला आणताय? भाकऱ्या थापायच्यात मला.” तुम्ही मान वर करत नाही. “गप जरा. मोहरीएवढं बी हाय. शिंकलीस तर जाईल उडून.” चौदा बिया पेरल्यात, तीन रुजल्या, एक राहिली. ती बोराएवढी व्हायला दोन वर्षं लागली. एवढ्या वेळात बागा उभ्या राहून द्राक्षं बाजारात जातात, असं आई म्हणाली होती.

सात वर्षांनी तुम्ही ती थंडीतल्या प्रदर्शनात मांडलीत. तिथे दोन वेगळी टेबलं असतात: एक कलमी झाडांचं, एक स्वतःच्या मुळावर वाढलेल्यांचं. दुसऱ्याला मान जास्त, कारण तिथे झाड हळू वाढतं आणि चुकीला क्षमा नसते. तुम्ही चांदणी दुसऱ्या टेबलावर ठेवलीत. परीक्षक होते ते वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी कुंडी फिरवून पाहिली, मग शांतपणे म्हणाले, “सात वर्षांत स्वतःच्या मुळावर एवढी होत नाही. काडीनं वरची रेती थोडी बाजूला करू का?” मी एकोणीस वर्षांची होते. भर सभागृहात मी त्यांना विचारलं, माझ्या वडिलांना खोटं पाडताय का? कुंडी उपडी करून दाखवायला मी हात पुढं केला, तर तुम्ही मनगट धरलंत. “हात लावू नगंस. न्हाई उकरायचं.” मग त्यांना म्हणालात, “ऱ्हाऊ द्या सर. मी घिऊन जातो.” एसटीत कुंडी माझ्या मांडीवर होती. तुम्ही कवठेएकंद येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिलात. तुम्ही मंडळात जात राहिलात, पण प्रदर्शनात परत काही मांडलं नाहीत.

भांडण मात्र मी मांडून ठेवलं. मी मंडळाची सभासद झाले ती त्या एका दुपारचा राग धरूनच. अध्यक्षपदासाठी त्या प्राध्यापकांचं नाव आलं तेव्हा विरोधात एकच हात वर झाला, तो माझा. ते समोर आले की मी रस्ता बदलायचे. नव्या सभासदांना मी ती हकिगत सांगायचे, आणि सांगून सांगून ती चांगली घोटली गेली होती.

तुमचं ‘न्हाई उकरायचं’ धरून मी चांदणीची कुंडी कधी बदलली नव्हती. यंदा उन्हाळ्यात ती कुंडी तडकली. झाड काढलं, मुळं झटकली. रेतीखाली चार बोटांवर वेगळंच खोड होतं, हिरवट-तपकिरी, काटे खुडलेलं. तोच कुंपणाचा, खांबासारखा निवडुंग. जोड इतका सफाईदार होता की तो कोणाच्या हातचा, हे विचारायची गरज नव्हती.

चार दिवसांनी मी प्राध्यापकांच्या घरी गेले. आता ऐंशीच्या पुढे आहेत, ऐकू कमी येतं, त्यामुळे मला माझी चूक दोनदा मोठ्यानं सांगावी लागली. ते म्हणाले, “मला माहीत आहे. तुमचे वडील त्या प्रदर्शनानंतर महिनाभरात इथं येऊन गेले होते. तुम्ही बसला आहात त्याच खुर्चीवर बसले होते.” मग तुम्ही काय बोललात ते त्यांनी जमेल तसं तुमच्याच बोलीत सांगितलं. बियापासून मीच वाढवली, त्यात खोटं न्हाई. दुसऱ्या वर्षी बुड सडलं, खुंटावर चढवली, मरू द्यायचं जिवावर आलं. पण सगळी कलमवाला म्हणत्यात; एकदा तरी कलमाबिगर नाव व्हावं असं वाटलं. “आणि जाताना एवढंच म्हणाले,” प्राध्यापक म्हणाले, “पोरगी माझ्यासाठी भांडली हाय. तिला सांगू नका.” त्यांनी सांगितलं नाही. इतकी वर्षं मी तोंड फिरवत राहिले आणि ते गप्प राहिले.

मी त्यांच्या पाया पडले. त्यांच्या सुनेनं चहा दिला. घरी येऊन चांदणी नव्या कुंडीत लावली.

तुम्ही त्यांना सांगितलंत आणि मला नाही, याचा राग आला, म्हणून लिहायला बसले. तुम्ही मला सांगितलं असतं तर मी समजून घेतलं असतं, असं वर कुठेतरी लिहिणार होते. पण ते खरं नाही, आण्णा. त्या वयात मला तुमची लाज वाटली असती.