डोंगरवाल्यांची शेवटची पेटी

मी खाली सही करणारी, वय एकाहत्तर, गुणसूत्रांच्या प्रयोगशाळेतून निवृत्त, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. यकृत गेलं आहे, डोकं शाबूत आहे. डॉक्टरांनी दोन्ही लिहून दिलं आहे. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात सगळं नवऱ्याला होतं आणि तो माझ्याआधीच निघून गेला.

१. सूक्ष्मदर्शक आणि काचपट्ट्यांचं कपाट प्रयोगशाळेला. माजी विभागप्रमुखांना मात्र हात लावू देऊ नये. डोंगरातल्या बिनडंखी मधमाश्यांची गुणसूत्रं नदीकाठच्यांपेक्षा कमी भरतात, दोन लहान चिकटून एक झालेली असतात, हे मी दाखवलं तेव्हा म्हणाले, "बाई, चष्मा बदला." पुढे तेच परिषदेत स्वतःच्या नावावर सांगून आले. मेले तरी मी हे विसरणार नाही.

२. बांगड्या भाचीला. जाऊबाईंना काही नाही. माझी मुलं पोटातच जायची, तेव्हा त्यांनी आपलं बाळ माझ्या मांडीवर द्यायचं बंद केलं. मी माझंच रक्त तपासलं होतं. माझीही दोन गुणसूत्रं अशीच जुळून एक झालेली आहेत. त्याने माझं काही अडलं नाही, पण मूल घडताना वाटणी चुकते. हे त्यांना कधी सांगितलं नाही. आता वाचा म्हणावं.

३. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक धाकट्या भावाला. तो शेजारीच राहतो, मधपेट्या पाळतो.

४. डोंगरवाल्या माश्यांची पेटीही भावालाच, पण अटीवर. अट का, ते लिहिते. डोंगर खाणीने खाल्ला, त्या माश्या फक्त माझ्या परसात उरल्या. दोन पेट्या होत्या. मी दवाखान्यात असताना एक कमजोर दिसली, म्हणून भावाने कुठलाही मधपाळ करतो तेच केलं: आपल्या नदीकाठच्या भरल्या पेटीतली पिलावळ काढून हिच्यात घातली. दिसायला सगळ्या सारख्याच. मी घरी आले तर पेटी गजबजलेली आणि हा खुशीत, "ताई, बघ कशी धरली!"

त्यातून राणी निघाली ती नदीची, नर डोंगराचे. त्यांची लेक राणी झाली, आईकडून सुटी गुणसूत्रं, बापाकडून जुळलेली, म्हणजे माझ्यासारखीच, आणि तिची पिल्लं मरू लागली. कामकरी माश्या मेलेली पिल्लं दाराबाहेर आणून टाकत राहिल्या. मी ओट्यावर बसून बघायचे, रडू आवरायचं नाही. भावाला नको नको ते बोलले. पेटी संपली.

आता एकच आहे, आणि तीही जाणार. एकाच घरातले नर, एकाच घरातल्या राण्या, असा वंश टिकत नाही. भाऊ म्हणतो, "नदीच्यांत मिसळू या गं. अर्ध्या तर अर्ध्या, काहीतरी राहील." अरे, राहील ते त्या नव्हेत! म्हणून अट: या पेटीत दुसरी पिलावळ घालू नये. राणी मेली तर मरू द्यावी. पेटी अगदीच थकली की, सगळ्या आत आल्यावर, संध्याकाळी दार मेणाने बंद करावं. अट मोडल्यास घर प्रयोगशाळेकडे जाईल.

५. माझ्यामागे कोणी भाषण करू नये.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझाच आहे. आम्हां तिघांच्या सह्या एकमेकांदेखत झाल्या.

लिहून देणार: (सही)
साक्षीदार: (सही) उपचार करणारे डॉक्टर
साक्षीदार: (सही) समोरचे शिंपीकाका
स्थळ: राहतं घर, मागची खोली
दिनांक: १४ ऑक्टोबर

खाडाखोड: कलम ४ मधलं शेवटचं वाक्य सही करण्यापूर्वी मी स्वतः, दोन्ही साक्षीदारांसमोर खोडलं आहे. तेव्हा भाऊ पेज घेऊन आत आला होता. तो अट पाळणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. मरत असलेल्याकडे नुसतं बघत बसणं त्याला जमत नाही. मला काही पचत नाही तरी रोज चमचा घेऊन बसतो. अट राहू द्यावी. घर त्याचंच. (सही)