लिस्बनच्या वाटेवरचा खारा मासा

३१ मार्च. ईद. सकाळी साडेनऊ.
साडेसातला बेल वाजली. मासा. आठला पुन्हा बेल. पुन्हा मासा. आत्तापर्यंत पाच ताटल्या झाल्या.
महिनाभर रोजे धरून झाल्यावर या सफॅक्स शहराला पहिल्या सकाळी काय खावंसं वाटतं, तर खारवून वाळवलेला मासा! सोबत कांदा आणि बेदाणे तासन्‌तास आटवून केलेली काळी चटणी. आणि स्वतः खाऊन गप्प बसतील तर शपथ, शेजारीपाजारीही वाटायचा. मी अमेरिकेचा कॉन्सुल, म्हणजे सगळ्यांचाच शेजारी. पडद्यांना वास, उशीला वास. किळस आली.
मार्जरीने दोन घास खाल्ले आणि छान आहे म्हणाली. माझ्या बायकोला विमानातलं जेवणही छान लागतं.
मासे पिशवीत घालून बागेत लिंबाखाली पुरले. ताटल्या ठेवून घेतल्या, भेटच असणार. निळी फार सुरेख आहे. तिच्यात पेपरक्लिपा.
संकल्प : अजून एकच ईद. पुढच्या उन्हाळ्यात बदली. लिस्बन. मी लिस्बनला शोभून दिसेन.

१ एप्रिल
मांजरांनी सगळं उकरलं. गेटवरचा रखवालदार मोंसेफ बघत होता. त्याला म्हटलं, झाडाला खत घातलं. तो म्हणाला की हो साहेब, दोन वर्षं बघतोय, झाडाची काळजी घ्यावी तर तुम्हीच. माणूस भोळा आहे.

१४ एप्रिल
वर्षाचा रिपोर्ट उद्या द्यायचा. आमच्या खात्यात ज्याचा रिपोर्ट त्यानेच लिहायचा आणि बॉसने खाली सही करायची, अशी जुनी रीत. बॉस स्ट्रिकलंडबाई राजधानीत, ट्यूनिसला बसतात, त्यांना वेळ नसतो. लिस्बन या कागदावर ठरणार.
संकल्प : एकही शब्द वाढवून लिहायचा नाही.

१५ एप्रिल
थोडं वाढवलं. ‘शहराची नाडी प्रिचर्ड यांच्या (म्हणजे माझ्या) हातात आहे.’ ‘ईदचा खारा मासा ते लोकांच्या पंगतीत बसून आवडीने खातात.’ शेवटचं वाक्य तर झकास जमलं : ‘त्यांना इथून हलवल्यास या भागातली आपली वीस वर्षांची मेहनत वाया जाईल.’ हे वाचून लिस्बनवाले मला ओढूनच नेतील.
टाइप करायला मादाम नाजिहाकडे दिलं. नाजिहा एल्लूझ, चोवीस वर्षं या ऑफिसात. माझ्याआधी सात कॉन्सुल पाहिलेत, हे ती आठवड्यातून एकदा ऐकवते. तिने शेवटचं वाक्य दोनदा वाचलं आणि विचारलं की कॉन्सुलसाहेब, तुम्हाला जायचंय ना नक्की? म्हटलं, म्हणून तर लिहिलंय. ती म्हणाली, बरं बाई, मला काय. मग टेबलावरच्या निळ्या ताटलीकडे बघत राहिली. पेपरक्लिप हवी होती बहुतेक. दिली.

२२ मे
रिपोर्ट मंजूर. स्ट्रिकलंडबाईंनी स्वल्पविरामसुद्धा बदलला नाही. मला ओळखणारी एक तरी व्यक्ती खात्यात आहे.

४ जुलै. संध्याकाळ.
आपला राष्ट्रीय दिवस. बेचाळीस डिग्री. केक वितळला. निम्मे पाहुणे सावलीसाठी आले होते, उरलेले व्हिसासाठी.
स्ट्रिकलंडबाई आल्या. सगळ्यांसमोर म्हणाल्या की याच्या माशाबद्दल मी रिपोर्टमध्ये वाचलंय, आज बघायचंच आहे. जुलैत कुठला आलाय मासा, असं मी म्हणेपर्यंत नाजिहा ताट घेऊन हजर. म्हणाली, ईद नाही तर नाही, आईने साहेबांसाठी मुद्दाम राखून ठेवला होता.
तीन तुकड्या गिळल्या. चावल्या नाहीत. डोळ्यांत पाणी आलं, तर महापौरांनी माझे खांदे धरून सगळ्यांना सांगितलं की बघा बघा, याला भरून आलंय. टाळ्या.
मग बाथरूममध्ये वीस मिनिटं. मार्जरी बाहेरून विचारत होती की लिस्बनला मासे खात नाहीत असं तुला कोणी सांगितलं?

१९ जुलै
बातमी पसरली. मच्छिमार संघाचा अध्यक्ष बंदराच्या कामासाठी आला, मासा घेऊन. बँकेचा मॅनेजर, मासा. दाताच्या डॉक्टरने तपासणी झाल्यावर खणातून मासा काढला. लिंबाखाली जागा संपली. आता डाळिंबाखाली.
मोंसेफ म्हणाला, फावडं इथेच ठेवतो, रोज रोज कुठे शोधणार.

८ सप्टेंबर
रिकाम्या जागांची यादी आली. पहिली पसंती लिस्बन. आणखी पाच लिहायची सक्ती आहे, म्हणून रोम, व्हिएन्ना वगैरे लिहून टाकली. औपचारिकता.
पोर्तुगीज शिकायला सुरुवात. रोज एक तास.

१२ सप्टेंबर
पोर्तुगीज फारच नाकात बोलतात. तिथे गेल्यावर आपोआप येईल.

६ ऑक्टोबर
लिस्बनला चार मेल पाठवले, उत्तर नाही. ठरलेल्या माणसाशी उगाच पत्रव्यवहार कशाला, असा त्यांचा विचार दिसतो. मार्जरीला म्हटलं, सामान आवरायला लाग. ती म्हणाली की बुधवारी नाजिहाच्या आईकडे ती काळी चटणी शिकायला जातेय, त्यानंतर बघू. तू कधी त्यांच्या घरी गेलायस का, असंही विचारलं. म्हटलं, नाडी घराघरांत जाऊन बघायची नसते.

३ नोव्हेंबर. दुपारी.
निकाल.
स्ट्रिकलंडबाईंचा फोन. आवाजात इतका आनंद की मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. म्हणाल्या, अभिनंदन! वॉशिंग्टनशी भांडले मी तुझ्यासाठी! मग माझं वाक्य मलाच वाचून दाखवलं. वीस वर्षांची मेहनत. त्या वाक्यापुढे कोणी काही बोलूच शकलं नाही म्हणे. मला हलवणार नाहीत. आणखी दोन वर्षं सफॅक्स.
लिस्बन ज्याला मिळालं, त्याच्या रिपोर्टमध्ये ‘कुठेही चालेल’ असं लिहिलं होतं.
खिडकी उघडली. तेलाच्या घाण्यांचा मोसम सुरू झालाय. सगळ्या गावाला ऑलिव्हच्या चोथ्याचा वास. खिडकी लावली.

५ नोव्हेंबर
विरोधाचं पत्र लिहिलं : सदर रिपोर्ट खोटा आहे. मग आठवलं की तो कोणी लिहिला. फाडलं.
नाजिहाला विचारलं, तू मला आधी का नाही सांगितलंस? ती म्हणाली की सांगायला गेले तर तुम्ही पेपरक्लिप दिलीत.

२० मार्च. ईद. सकाळी आठ.
ही शेवटची ईद असणार होती. असो. पिशव्या तयार, फावडं तयार. नाकाला लावायला मलम आणलंय.

साडेनऊ.
बेल नाही. उशिरा उठले असतील.

साडेदहा.
बेल बिघडली म्हणून मोंसेफला वाजवून बघायला सांगितलं. खणखणीत वाजली. तो म्हणाला की यंदा कोणी यायचं नाही साहेब. मी लोकांना म्हटलं, साहेबांना त्रास होतो, कशाला दरवर्षी खड्डे खणायला लावता. आणि ताटल्याही परत येत नाहीत. इथे शेजाऱ्याची ताटली कोणी ठेवून घेत नाही, रिकामीही पाठवत नाही. निळी तर नाजिहामादामच्या आईच्या लग्नातली. म्हातारी तीनदा विचारून गेली.
हे सगळ्यांना माहीत होतं? तो म्हणाला, मांजरांनासुद्धा.
मार्जरी नऊलाच नाजिहाच्या आईकडे जेवायला गेलीय. मला विचारलं होतं तिने. मी म्हटलं होतं, लोक येतील, मी घरी हवा.
फार लाज वाटली. तीन वर्षांत या शहरातल्या एकाही घरात मी जेवलो नाही. आणि मी नाडी बघत होतो.

दुपारी तीन.
पेपरक्लिपा काढून निळी ताटली घासली. तिच्यात घालायला घरात काही सापडेना. पीनट बटरची बरणी ठेवली, सील न फोडलेली. चालत गेलो. गल्लीतली सगळी माणसं आधी ताटलीकडे बघत होती, मग माझ्याकडे.
नाजिहाने दार उघडलं. तिच्या आईने ताटली उलटसुलट करून पाहिली, टवका उडालाय का ते. मग बरणी उघडून वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. नाजिहा म्हणाली, आई विचारतेय की हे तुमच्याकडे माणसं खातात?
त्यावर सगळे हसले. मार्जरी सगळ्यांत जास्त.
मग त्याच ताटलीत माझ्यापुढे मासा आला. वास तसाच आहे. चव वासाहून वाईट. चावून खाल्ला. म्हातारी एकटक बघत होती, मी काटे काढून कडेला लावत गेलो. संपल्यावर तिने विचारलं नाही, सरळ दुसरी तुकडी वाढली. तीही खाल्ली.
पंधरा एप्रिलला यंदाचा रिपोर्ट द्यायचाय. यातलं काही त्यात लिहायचं नाही.