काकवीचा कॅन

लखनौ, २ जून २०२४

सौ. हेमाताईस,
धाकट्या संकेतचा शि. सा. न. वि. वि.

मी फोनवर नुसतं हां हां करतो, हे तुझं गाऱ्हाणं आता पाठ झालं. अगं, शेठच्या घरात राहतो. विनीताकाकू हॉलमध्येच बसलेल्या असतात, मी मोकळं काय बोलणार? म्हणून दुकानातला विजय गावी निघालाय, त्याच्याकडं हे पत्र देतोय.

इथं महिनाभर चिलटांनी जीव खाल्लाय. चहात चिलटं, आंब्यावर चिलटं. काकूंनी मोबाईलवर बघून व्हिनेगरच्या वाट्या ठेवल्या, मोरीत उकळतं पाणी ओतलं, कापूर जाळला. घरात आंबूस वास येतो म्हणतात. मला येत नाही. दिवसभर सोनं गाळताना ॲसिडची वाफ बसून नाक मेलंय. काकू म्हणतात कामवाली रामकली कचऱ्याचा डबा झाकत नाही. मीपण हो म्हणालो. काल तिला काढली. तरी चिलटं आहेतच.

आईला नमस्कार सांग. लोभ असू दे.
संकेत

विटे, १६ जून २०२४

चि. संकेत यास,
हेमाताईचे अनेक आशीर्वाद.

शहाण्या, चिलटांवर पानभर लिहिलंस आणि काकवीचा एक शब्द नाही. होळीनंतर विजयच्या हाती कॅन पाठवला होता, काकूंना द्यायला. त्यांच्या घरात राहतोस, आपल्याकडनं काहीतरी जायला पाहिजे. परवा मी त्यांना फोन केला. त्यांनी पाऊसपाण्याचं विचारलं, काकवीचं नाही. आवडली नसेल. आईनं तो तेलाचा कॅन राखेनं घासघासून धुतला होता आणि झाकणाला तुझ्या शाळेच्या शर्टाची चिंधी बांधली होती. रोज विचारते, त्यांनी काय म्हटलं म्हणून.

चिलटं मोरीला नाही, आंबलेल्या गोडाला येतात. काय सांडलंय ते हुडका. आणि त्या बाईवर कशाला ढकललंस? आईनं लोकांची भांडी घासूनच आपल्याला वाढवलं ना?

तब्येत सांभाळ, माया आहेच.
ताई

लखनौ, २९ जून २०२४

सौ. हेमाताईस,
नमस्कार कुठल्या तोंडानं करू कळत नाही, पण करतो.

तुझं पत्र दुकानातच फोडलं. काकवीपर्यंत आलो आणि पुढचं वाचवेना.

काकूंना ती दिलीच नव्हती गं. विजयनं कॅन आणला तेव्हा घरात पाहुणे होते, टेबलावर काचेच्या बरण्यांत काजू-बदाम. त्यांच्यापुढं तो तेलाचा कॅन, वर चिंधी. मला लाज वाटली. अमीनाबादच्या बाजारातून चांगली बरणी आणीन, तीत ओतून देईन, म्हणून स्वयंपाकघराच्या माळ्यावर कूलरच्या खोक्यामागं ढकलला. बरणी काही आणली नाही.

त्या संध्याकाळी खोकं सरकवलं. झाकण फुगून उचकटलं होतं, काकवी आंबून भिंतीवर उतरली होती, आणि चिंधी चिलटांनी काळी पडली होती. कॅन पोत्यात घालून बाहेर नेला, माळा गरम पाण्यानं घासला. चार-पाच दिवसांत चिलटं गेली. काकू व्हिनेगरचं कौतुक करत होत्या. दोन दिवस मी ते ऐकून घेतलं, मग सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की आधी दिली असतीस तर पोळीबरोबर खाल्ली असती, माहेरी खायचो. यापेक्षा थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच रामकलीचा पत्ता दिला. आलमबागेत बस टर्मिनलच्या मागं राहते. मला बघून तिनं आधी पाणी दिलं. काकूंनी परत बोलावलंय म्हटलं, तर म्हणाली, भैया, आता दुसऱ्या घरचं काम धरलंय, पण मधले दिवस घरीच बसून गेले. त्या दिवसांचे पैसे दिले. घेत नव्हती. त्या हो म्हणण्याबद्दल माफी मागायची मात्र राहिली. पुन्हा जाईन.

आईला चिंधीचं सांगू नकोस. काकू पोळीबरोबर खातात, एवढंच सांग. त्यात निम्मं तरी खरं आहे. आणि पुढच्या वर्षी तसल्याच कॅनमधून पाठव, मी स्वतः त्यांच्या हातात देईन.

माझ्यावर रागव, पण लोभ तोडू नकोस. दर महिन्याला आठ हजार येतात, या खेपेला कमी का, ते आता तुला कळलं. साडेसहा हजार पाठवतोय.
संकेत