तांबड्या विहिरीचा अर्ज

९ जाने. ७८, जालना
सकाळी अनुसयाबाई माळीण आल्या. नाल्याकाठी भाजी पिकवतात. विहिरीचं पाणी तांब्यात आणल्तं. तांबडं, वर तवंग. वरच्या अंगाला कापड रंगवायचा कारखाना. तिथलं सगळं नाल्यात. "वकीलसाहेब, म्हैस बी तोंड लावून न्हाई राह्यली."
त्याच कारखान्यात आपला बबन. बायकोचा, शांताचा, धाकटा भाऊ. तरी वकीलपत्र घेतलं. शांताला अजून बोललो न्हाई.

२ फेब्रु.
दिल्लीनं पाण्याचा कायदा केला, आपल्या राज्यानं अजून लागू केला न्हाई. राज्याचा स्वतःचा आहे; त्याखाली नेमलेल्या मंडळाला पत्र धाडलं, उत्तर न्हाई. घटनेतही आता लिहिलंय, नद्या जपणं नागरिकाचं कर्तव्य. वाचून बरं वाटलं. कुणावर बजावायचं ते?
शेवटी फौजदारी संहिता, क. १३३. सार्वजनिक उपद्रव. मागणी: कारखाना बंद करा.

११ फेब्रु.
डेप्युटी कलेक्टरांपुढं अर्ज. मी घटना काढली. साहेब हसले न्हाईत, हेच बरं. म्हणाले, "कर्तव्य राहू द्या. उपद्रव दाखवा."

१२ फेब्रु.
बबन आल्ता. कोपरापर्यंत हात लाल. बातमी कारखान्यात पोचली.
"दाजी, बापानं गावची मेली ढोरं ओढणं सोडलं. मला पुन्हा तिथंच धाडता का?"
शांतानं ताट त्याचं आधी वाढलं.
त्याचं चुकतंय असं म्हणवत न्हाई. बाईंचं तर बिलकुल न्हाई.

२० फेब्रु.
मागणी बदलली. बंद नको, पाणी निवळायला हौद बांधावेत. बाईंना विचारून बदलली, पण नीट समजावलं का? घाई केली बहुतेक.

८ मार्च
साहेबांनी जागा पाहिली. हुकूम सशर्त: हौद बांधा, न्हाईतर हरकत घेऊन हजर व्हा. मालक हरकत घेणार म्हणे.
संध्याकाळी बाई घरी आल्या. बबन बसलेलाच होता. हुकूम वाचून दाखवला.
"हौद होईस्तोवर मी काय पिऊ?"
मी कागदाची घडी करत राहिलो. बबनच बोलला, "बाई, आमच्या बौद्धवाड्यातल्या नळाचं चालंल का? मी आणून देतो."
अनुसयाबाई मंग पदर सावरत उठल्या.
"घरी इचारते."